काचेवर नसलेले दाणे

सोमवार, ३ जून

ताई,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम छापून चिकटवलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न फोडताच केरात टाकलं असतंस. आता फोडलंच आहेस तर वाच, मग टाक.

तुझा फोन मला लागत नाही, म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस. भाऊजींना विचारलं तर ते "सांगतो हं तिला" म्हणतात आणि सांगत नाहीत. त्यांना तरी काय बोलू, तुझ्यापुढे आईचीसुद्धा मात्रा कधी चालली नाही. त्यांच्याकडूनच कळलं की तुझा डावा हात आता खांद्याच्या वर जातो, आणि केस परत आले ते कुरळे आले. कुरळे! आपल्या घरात सात पिढ्यांत कोणाला कुरळे केस नव्हते. ऐकून बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. तू सुईवाल्या मॅडमवर केलेल्या तक्रारीची सुनावणी २८ तारखेला आहे म्हणे, डॉक्टरांच्या समितीपुढे. ताई, ती तक्रार मागे घे.

तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. चार वर्षांपूर्वी तुझ्या छातीच्या एक्स-रेत डाव्या बाजूला कॅल्शियमचे दाणे दिसले, बारीक रवाळ. मॅडमनी सुई घालून तिथले तुकडे काढले. ते आमच्या लॅबमध्ये आले आणि आमच्याकडून रिपोर्ट गेला की दाणे सापडले नाहीत, वाईटही काही नाही, सुई बहुधा जागेवर गेली नसावी, सहा महिन्यांनी परत तपासा. तू म्हणालीस, "एकदा भोसकून घेतलं तेवढं पुरे झालं." चौदा महिन्यांनी गाठ हाताला लागली, तोवर दुखणं काखेत पोचलं होतं. म्हणजे चूक मॅडमची. सगळे असंच म्हणाले. मीही मान हलवली.

पण आता त्यांचं काम कायमचं बंद होईल, ताई. त्यांनी तुझ्या तक्रारीपासून सुईला हात लावलेला नाही, नुसते रिपोर्ट लिहितात. आणखी काय शिक्षा द्यायची? आणि तू या तब्येतीत त्या समितीच्या पायऱ्या कशाला चढतेस? झालं ते झालं. एवढं एक ऐक माझं.

तुझी ठमी


मंगळवार, ११ जून

ताई,

अडीच वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, आणि त्यात ओळ एकच: "तू बहीण कोणाची, माझी की तिची?" खाली सहीसुद्धा नाही. कार्ड पर्समध्ये ठेवलंय. लॅबमध्ये तीनदा काढून वाचलं. एवढं काय वाचतेस म्हणून शेजारची विचारायला लागली, तेव्हा विजेचं बिल आहे म्हटलं.

बहीण तुझीच. म्हणून तर लिहितेय.

मॅडमची सुई चुकली नव्हती. सुईतून निघालेले तुकडे आमच्याकडे पाठवण्याआधी त्या त्यांचा एक्स-रे काढतात, दाणे खरंच आलेत का ते बघायला. ती फिल्म मी पाहिलीय. सुतळीच्या धाग्याएवढे चार तुकडे, आणि त्यांत सात दाणे. मी मोजलेत. स्वच्छ सात.

आता तू म्हणशील, मग इतकी वर्षं तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? धरली होती. घाबरट आहे मी, तुला नवीन नाही. लहानपणी मी दिव्याची काच फोडली आणि मार तू खाल्लास.

हॉस्पिटलमध्ये भेटायला का आले नाही, हेही तुला सांगायचंय. त्या वेळी मी भाऊजींना सांगितलं होतं की रजा मिळत नाही. खोटं. एकवीस दिवसांची रजा शिल्लक होती. फळांची टोपली पाठवली आणि तू ती तशीच्या तशी परत पाठवलीस, ते योग्यच केलंस. पण मी आले होते, ताई. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर समोर तू, चाकाच्या खुर्चीत, पाठमोरी, डोक्याला तो निळा रुमाल. मान इतकीशी झाली होती. मला पाय बाहेर टाकता आला नाही. दार आपोआप बंद झालं आणि लिफ्ट खाली आली. तळमजल्यावर एका बाईनं विचारलं, "अहो, तुम्हाला वर जायचंय ना?" मी म्हटलं, नाही, जाऊन आले.

तू सगळ्यांना सांगितलंस की धाकटीला माझी घाण वाटते. घाण नाही गं. देवाशपथ नाही. तुझ्या तोंडाकडे बघायला तोंड नव्हतं मला.

का नव्हतं ते विचारू नकोस. तक्रार तेवढी मागे घे.

ठमी


सोमवार, १७ जून

ताई,

तू विचारलंसच. "सात दाणे होते तर गेले कुठे? ब्लॉक तूच कापला होतास ना?" खाली दोनदा रेघ मारलीयस. तुला वकील व्हायला हवं होतं, आईनं उगाच शिवणकाम शिकवलं.

हो, मीच कापला. तुझं नाव यादीत बघितलं आणि म्हटलं, माझ्या बहिणीचं काम दुसऱ्या कोणाच्या हातात जाता कामा नये. आमचं काम तुला माहीतच आहे. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, म्हणजे ब्लॉक. तो यंत्राला लावायचा आणि पात्यानं त्याचे इतके पातळ काप काढायचे की फुंकर मारली तर उडून जावेत. ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे, रंग द्यायचा, मग रिपोर्ट लिहिणारे आमचे डॉक्टर, म्हणजे सर, दुर्बिणीतून बघतात. एकवीस वर्षं मी हे करतेय. माझ्या कापावर रेघ नसते, हे सर चारचौघांत सांगायचे. आणि मी ते ऐकायला मुद्दाम दारात रेंगाळायचे, हेही खरं.

तुझ्या ब्लॉकला पातं लागलं आणि आवाज आला, कर्रर्र. खडा लागला की येतो तसा. काप निघाला त्याच्यावर उभी रेघ. दुसरा, तिसरा, रेघच. इतर कोणाचा असता तर बर्फावर गार करून, पातं बदलून, जमेल तसा कापला असता. पण तुझा ब्लॉक होता ना! तो देखणा यायला हवा होता. म्हणून मी हाडाच्या ब्लॉकला करतो ते केलं. हाड कापलं जात नाही, तेव्हा ॲसिडात भिजवलेल्या कापसावर ब्लॉक पालथा ठेवतात. ॲसिड कॅल्शियम खातं, हाड मऊ होतं. छातीच्या ब्लॉकला हे करायचं नाही, हे पहिल्या महिन्यात शिकवतात, कारण तिथे कॅल्शियमच तर शोधायचं असतं. मला माहीत होतं. म्हटलं, दोन मिनिटं, नुसता वरचा थर.

तेवढ्यात तुझा फोन आला. आठवतो? आईला कोणाकडे ठेवायचं त्यावरून. तू म्हणालीस, "तू जन्मात कधी कोणाचं केलंयस?" आणि जुंपली आपली. मी बोलत जिन्यात गेले. परत आले तेव्हा तास होऊन गेला होता. मग काप काढले ते लोण्यासारखे निघाले, एक रेघ नाही.

तू फोन केला नसतास तर दोन मिनिटांत ब्लॉक उचलला असता मी, ताई.

हे सगळं आत्ता का उकरतेय? आमच्याकडे मार्चपासून एक संशोधक मुलगी येते. तिला मी मनात जीनवाली म्हणते. ती जुने ब्लॉक घेऊन दाण्यांजवळच्या पेशी तपासते. मी विचारलं, "अगं, छातीत कॅल्शियम येतंच कुठून? दूध सांडून साठलं की काय?" ती हसली. म्हणाली, "मावशी, प्रत्येक पेशीत सगळ्या कामांचं एकच पुस्तक असतं, त्याचं एकेक पान म्हणजे जीन. हाडाची पेशी हाडाचं पान उघडते, छातीची पेशी तिचं. पण काही कॅन्सरांत या छातीच्या पेशी हाड बांधायचं पान उघडून बसतात. त्यांना वाटतं आपण हाडच आहोत. मग त्या दाणे बांधायला लागतात." कोणतं पान उघडलंय ते तिला कसं कळतं? तर पान उघडलं की पेशी त्याच्या चिठ्ठ्या काढते, कामाला लावायला. ती या चिठ्ठ्या मोजते.

गेल्या महिन्यात ती दोन ब्लॉक घेऊन माझ्याकडे आली. दोन्ही एकाच बाईचे, एक सुईचा, एक ऑपरेशनचा. "ऑपरेशनच्या ब्लॉकमध्ये हाडाच्या चिठ्ठ्यांचा ढीग आहे, मावशी. पण सुईच्या ब्लॉकमध्ये काहीच वाचता येत नाही, सगळा भुगा. हाडाचे ब्लॉक ॲसिडात ठेवले की असं होतं. हा चुकून ठेवला होता का कोणी?"

मी म्हटलं, "मला नाही गं आठवत."

ती म्हणाली, "वाईट वाटतं. या बाईंनी संमतीच्या कागदावर हातानं लिहिलंय, माझ्यात हे कधी सुरू झालं ते मलाही कळवा. या पहिल्या ब्लॉकवरून कदाचित सांगता आलं असतं." तिनं कागद दाखवला. तुझा 'झ' मी कुठेही ओळखीन.

तुझ्या ब्लॉकचा नंबर तिनं अभ्यासाच्या यादीतून बाद केला. मी बघत उभी होते.

ठमी


गुरुवार, २० जून

ताई,

सोमवारचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत स्वतःची किळस आली. मारायचं ते मारून वर तुझ्याच गळ्यात घालायचं! ते तुझ्या हाती पडलं असेल तर हेही वाच, आणि त्यातलं फोनचं वाक्य खोड.

तुझा फोन बारा मिनिटांचा होता. तू रागानं आपटलास. उरलेला पाऊण तास मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. काय करत होते? तुला द्यायला हवी होती ती उत्तरं जुळवत होते. कधी कोणाचं केलंयस म्हणतेस? तुझ्या बाळंतपणात कोण होतं? बाबांच्या आजारपणात रोज कोण जात होतं? एकेक वाक्य घासूनपुसून ठेवत होते. वर कापसावर तुझा ब्लॉक पालथा पडलेला. एकदा आठवलासुद्धा. म्हटलं, जाऊ दे, होईल काय. इतकी रागावले होते तुझ्यावर. ताई, हे 'इतकी रागावले होते' मी आजपर्यंत स्वतःलाही सांगितलेलं नाही.

आणि चूक तिथे थांबली असती तरी तू वाचली असतीस. कारण सर सुटीवर नव्हते, झोपले नव्हते. त्यांनी काच बघितली, मॅडमची फिल्म बघितली आणि मला बोलावलं. "फिल्मवर सात दाणे आहेत, काचेवर एकही नाही. आणि पेशींचा रंगही फिका आलाय. दाण्यांच्या आसपासच बघायचं असतं, दाणेच नाहीत तर बघू कुठे? ब्लॉकला काही केलंस का?"

खोली छोटी होती. पंखा चालू होता. मी म्हटलं, "नाही सर."

"नक्की?"

"सर, माझ्या सख्ख्या बहिणीचा ब्लॉक आहे."

बघ काय बोलले मी. तुझं नाव पुढे केलं आणि त्याच्या आड लपले. त्यांनी खोल काप मागितले, मी काढले, त्यांतही काही नव्हतं, कसं असणार? त्या फिल्मवर ठिपके कशाचेही असू शकतात असं त्यांनी स्वतःला पटवलं आणि लिहिलं की सुई जागेवर गेली नसावी. मी तेव्हा "हो सर, ठेवला होता ॲसिडावर" एवढं म्हटलं असतं तर तुला त्याच आठवड्यात परत बोलावलं असतं, परत सुई घातली असती. तू कुरकुरली असतीस, मला शिव्या दिल्या असत्यास, आणि दाण्याएवढं होतं तेव्हाच ते निघालं असतं. फार तर सर ओरडले असते. माझ्या कापावर रेघ नसते, ही माझी ख्याती गेली असती. तेवढ्यासाठी, ताई. तेवढ्यासाठी तुझी छाती गेली, काखेतलं सगळं गेलं, वर्षभर तू ओकत होतीस.

काल सरांच्या घरी गेले. निवृत्त झाल्यापासून ते फार बाहेर पडत नाहीत, हात थरथरतो. कपबशी हातात धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता हाकलतील. ते म्हणाले, "मी तुला विचारलं होतं ना गं?"

"हो सर. दोनदा विचारलंत."

"मग ठीक. मला वाटत होतं, विचारायचं राहिलं माझ्याकडून. चार वर्षं वाटतंय." कपबशी त्यांना खाली ठेवता येईना, मी घेतली. "मॅडमना सांगितलंस?"

"नाही."

"बहिणीला?"

"लिहितेय."

"लिहिते कसली आहेस," ते म्हणाले, "जाऊन सांग." पण मला जमत नाही सर, असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी नुसती मान फिरवली. सरांनी माझ्यावरून मान फिरवलेली मी पहिल्यांदा पाहिली.

जीनवाल्या मुलीलाही आज सकाळी सांगितलं. तिला आधी कळेचना. मग ती म्हणाली, "म्हणजे त्या बाई तुमच्या...?" आणि तिनं यादी उघडली. तुझ्या ओळीसमोर तिनं नवी नोंद केली: ॲसिडात एक तास, प्रयोगशाळेची चूक. कधी सुरू झालं ते तुला आता कोणीच सांगू शकणार नाही. तेवढंही मी तुला ठेवलं नाही.

लॅबमध्ये अजून वर कळवलेलं नाही. तुला आधी कळावं एवढीच इच्छा होती. नोकरी जाईल, जाऊ दे. चार वर्षं चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय, कोणी नुसतं "ब्लॉक" म्हटलं तरी दचकते. 

माफी मागत नाही. कोणत्या तोंडाने मागू? पण मॅडमना समितीपुढे उभं करू नकोस. त्या निर्दोष आहेत, आणि तू आजवर निर्दोष माणसाला कधी छळलेलं नाहीस. शिक्षा चुकीच्या बाईला झाली तर ती तुलाही सोसवणार नाही.

तुझी म्हणायचा हक्क नाही,
ठमी


मंगळवार, २५ जून

ठमे,

चारही पत्रं वाचली. शेवटचं स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि नंतर दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाही. तुझे भाऊजी बिचारे स्वतःच चहा करून पीत होते. मीठ घातलं त्यात एकदा, तरी काही बोलले नाहीत.

काल मॅडमना फोन केला. तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळं. मला वाटलं त्या रडतील नाहीतर माझ्यावर ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "सात होते ना?" मी म्हटलं, हो, सातच. त्यांनी परत विचारलं. चारदा विचारलं, ठमे. मी चारदा सांगितलं. मग मी त्यांची माफी मागितली. तुझ्यामुळे मला ती मागावी लागली, हे ध्यानात ठेव.

आज समितीच्या कचेरीत जाऊन आले. तक्रार मी मागे घेतलेली नाही. मॅडमचं नाव काढलं आणि त्या जागी तुझं घातलं. कारकून म्हणाला, डॉक्टर नसलेल्या माणसाचं प्रकरण वेगळ्या टेबलावर जातं, पण जबाब त्याच दिवशी, २८ तारखेला घेतील. अर्जात एक रकाना होता, आरोपीशी नातं. मी लिहिलं, सख्खी बहीण. त्यानं वाचलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "बाई, घरात मिटवता येत नाही का?" मी म्हटलं, घरातच मिटवत आलो इतकी वर्षं, म्हणून तर इथे आले.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. ते मला येईल का नाही, सांगता येत नाही. आरशासमोर उभी राहते तेव्हा तर मुळीच येत नाही. तू समितीसमोर सगळं सांगायचंस, सरांनी दोनदा विचारलं तेही, आणि तू काय उत्तर दिलंस तेही. माझ्या फोनला मध्ये आणायचं नाही. तिथे गुळमुळीत बोललीस तर मी तिथेच उठून बोलेन.

शुक्रवारी साडेनऊला जबाब आहे. तुझ्या घरून तिथे जायला तास लागतो. मी गाडी करून तुला घ्यायला येते. आठ वाजता खाली उभी राहा, मला जिने चढायला लावू नकोस. सकाळी काहीतरी खाऊन घे, उपाशीपोटी तुला चक्कर येते. आणि तिथे उभं राहायची वेळ आली तर माझ्या उजव्या बाजूला उभी राहा. डाव्या हातावर मला कोणाचा भार पेलवत नाही.

ताई